सुताची नजर आणि अमूर्त चित्रं

सोलापुरात साडी घ्यायला आलेली बाई दुकानातल्या दिव्याखाली रंग पसंत करत नाही. पदर हातावर घेते आणि दारात येते. "उजेडात बघू दे जरा." आत मोरपंखी वाटलेला रंग बाहेर सरळ निळा निघतो, कधी आतला मरून बाहेर तपकिरीकडे झुकतो. ब्लाउजपीस जुळवताना ती दोन्ही कापडं कडेला कड लावून धरते, हात लांब करते, डोळे बारीक करते. अमूर्त चित्रांचं प्रदर्शन पाहायला जे लागतं, त्यातलं बरंचसं इतक्यात आलं: उजेड, शेजार आणि अंतर.

तरीही याच गावातली माणसं रंगीत अमूर्त चित्रांसमोर उभी राहिली की "आपल्याला यातलं काही कळत नाही" म्हणून पुढे सरकतात, याचं मला फार वाईट वाटतं. सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला २००५ साली भौगोलिक मानांकन मिळालं. इथल्या कितीतरी घरांत सूत, रंगाई, यंत्रमाग यांच्याशी कुणाचा ना कुणाचा संबंध असतो. चादर उलटी केली की तीच नक्षी रंगांची अदलाबदल होऊन दिसते, हे इथलं लहान मूलही पांघरुणात शिरताना पाहतं. त्या चौकटीचा अर्थ कुणी विचारत नाही. पण लाल जरा जास्त झालाय, काळ्या किनारीमुळे नक्षी धरून राहिलीय, ही पिवळी पट्टी उगाच आलीय, एवढं प्रत्येकाला बोलता येतं. अमूर्त चित्राशी पहिली ओळख याच बोलीत करायची असते.

आधी एक घोटाळा दूर करू. "ओळखू येत नाही ते अमूर्त" असं सर्रास समजलं जातं. मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म आपल्याच जिल्ह्यातला, १९१५चा, पंढरपूरचा. त्यांचा घोडा चार फटकाऱ्यांत उभा राहतो, मान मोडल्यासारखी वळते, पाय हवेत असतात, पण तो घोडाच असतो. आकार मोडला म्हणून चित्र अमूर्त होत नाही. वासुदेव गायतोंडे यांच्या पक्व काळातल्या चित्रात मात्र ओळखायला वस्तूच नसते. त्यांना स्वतःला 'अमूर्त' हा शब्द मान्य नव्हता. आपल्या चित्रात कुठलीही वस्तू गाळून वा सोपी करून आणलेली नाही, ती मुळातच वस्तुनिरपेक्ष आहेत, अशी त्यांची भूमिका होती. सय्यद हैदर रझा आधी निसर्गचित्रं काढत. पुढे त्यांच्या चित्रात बिंदू, त्रिकोण, चौकोन आले, आणि १९८०च्या सुमारापासून बिंदू मध्यावर ठाण मांडून बसला. प्रभाकर बरवे यांच्या चित्रात पान, घड्याळ, पेटी अशा वस्तू असतात, पण त्या आपल्या रोजच्या नात्यातून सुटलेल्या असतात. बरवे १९६०च्या दशकाच्या पहिल्या वर्षांत वाराणसीच्या विणकर सेवा केंद्रात कामाला होते. चित्रकाराची नजर आणि मागाची नजर आपल्याकडे कधी फार लांब नव्हती.

ही जवळीक सगळ्यात स्पष्ट दिसते ती फ्रान्समधल्या एका तक्रारीत. मिशेल यूजीन शेव्हरल हे रसायनशास्त्रज्ञ १८२४ साली पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख झाले. तिथे भिंतीवर टांगायचे चित्रांचे पडदे विणले जात. तक्रार अशी होती की निळ्या-जांभळ्यात विणलेलं काळं सूत फिकं, मेलेलं दिसतं, म्हणजे काळ्या रंगाची रंगाईच कच्ची आहे. शेव्हरलनी तेच काळं सूत इतर ठिकाणच्या उत्तम काळ्या सुताशी ताडून पाहिलं. रंग पक्काच होता. दोष शेजाऱ्याचा होता. निळ्याच्या सोबत डोळा आपल्याकडून निळ्याच्या विरुद्ध टोकाची, म्हणजे नारिंगी झाक शेजारच्या रंगावर चढवतो. काळ्यावर ती झाक चढली की काळा विटका दिसतो. यावर त्यांनी वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि १८३९ साली रंगांच्या शेजारधर्माचा सविस्तर ग्रंथ लिहिला. पुढच्या पिढ्यांच्या चित्रकारांनी तो वाचला, वापरला. अमूर्त चित्रात ओळखीचा चेहरा, झाड, घर काहीच नसल्यामुळे हा शेजारधर्म हाच बहुतेक वेळा चित्राचा खरा विषय असतो.

प्रदर्शनाला जाण्याआधी घरी एक संध्याकाळ यासाठी द्यावी. स्टेशनरीच्या दुकानातून लाल, हिरवा, पिवळा, निळा असे चार रंगीत कार्डशीट आणि एक मध्यम राखाडी घ्या. घोटीव कागद नको, त्यावर दिवा चमकतो आणि सगळा खेळ बिघडतो. प्रत्येक रंगाचा साधारण १५ सेंटिमीटरचा चौकोन कापा. राखाडीचे ३ सेंटिमीटरचे चार तुकडे एकाच कागदातून कापा आणि चारही रंगांच्या मधोमध ठेवा. पाचेक फुटांवरून पाहिलं की लालावरचा राखाडी हिरवट वाटायला लागतो, हिरव्यावरचा गुलाबीसर, पिवळ्यावरचा निळसर. फरक अंधुक वाटला तर वर बटर पेपरचा एक थर पसरा. रंग फिके होतात, पण राखाडीवर चढलेली झाक उलट जास्त ठळक होते.

हे जमत नाही तेव्हा कारण बहुधा तिघांपैकी एक असतं. राखाडी तुकडा पाठीमागच्या रंगापेक्षा खूप गडद किंवा खूप उजळ असेल तर डोळ्याला आधी काळा-पांढरा फरकच दिसतो आणि झाक लपते. तुकडा कापताना पेन्सिलची रेघ कडेला राहिली असेल, तर ती रेघ दोन रंगांमध्ये भिंतीसारखी उभी राहते. आणि तुकडा सपाट न बसता वर उचलला गेला असेल, तर कडेची सावली तेच करते. चित्रकारही हेच ओळखून असतात. एखाद्या चित्रात दोन रंगांच्या मध्ये काळी रेघ असेल तर ती बहुतेकदा त्यांना एकमेकांपासून वाचवायला आलेली असते. रेघ नसेल, कडा नुसती भिडलेली असेल, तर त्या दोघांना भांडू द्यायचं ठरलेलं असतं.

दुसरा प्रयोग अर्ध्या मिनिटाचा. लाल चौकोनाच्या मध्यावर ३० सेकंद टक लावा आणि लगेच पांढऱ्या भिंतीकडे बघा. भिंतीवर हिरवट-निळसर चौकोन तरंगेल. डोळ्यातल्या लाल ओळखणाऱ्या पेशी थकलेल्या असतात, म्हणून पांढऱ्यातला उरलेला रंग पुढे येतो. हे घरी गंमत वाटतं, पण प्रदर्शनात त्याचा थेट परिणाम होतो. मोठ्या लाल चित्रासमोर पाच मिनिटं उभं राहून सरळ शेजारच्या फिक्या हिरव्या चित्राकडे गेलात, तर तो हिरवा तुम्हाला आहे त्याहून भडक दिसणार. दोन चित्रांच्या मध्ये मिनिटभर जमिनीकडे किंवा रिकाम्या भिंतीकडे बघावं. नाचणीची भाकरी आणि श्रीखंड यांच्या मध्ये पाण्याचा घोट घेतो, तसं.

आता प्रत्यक्ष जाण्याकडे. सोलापूरकराला मोठं चित्रप्रदर्शन पाहायचं तर साधारणपणे पुणं किंवा मुंबई गाठावी लागते. रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसनं निघालं की सकाळी मुंबईत उतरता येतं. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून काळा घोडा चालत वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. तिथे १९५२ साली सुरू झालेलं जहांगीर कलादालन आहे आणि त्याच भागात थोडं पुढे, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासमोर, सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. ते १९९६पासून तिथे आहे आणि सोमवारी बंद असतं. सोलापूरहून रविवारी रात्री निघून सोमवारी सकाळी त्याच्या दारात उभं राहण्याची चूक होऊ देऊ नका. जहांगीरमधली प्रदर्शनं साधारण आठवडाभराची असतात, त्यामुळे निघण्याआधी तारखा बघाव्या लागतात. एक गोष्ट लक्षात असू द्या: संग्रहालयाच्या संग्रहात एखाद्या चित्रकाराचं चित्र आहे म्हणजे ते त्या दिवशी भिंतीवर असेलच असं नाही. मांडणी बदलत असते.

रात्रभरचा प्रवास करून आल्यावर आधी खाणं, मग चित्रं. उपाशी पोटी आणि जड पिशवी खांद्यावर घेऊन रंग दिसत नाहीत. पिशवी, छत्री, पाण्याची बाटली बाहेर जमा करायची तयारी ठेवा. पाठीवरची सॅक सगळ्यात वाईट, कारण मागे सरकून चित्र बघताना ती मागच्या चित्राला लागते आणि आपल्याला पत्ताही नसतो.

उन्हातून आत शिरलं की लगेच चित्रांकडे जाऊ नये. लक्स हे उजेड मोजायचं एकक. दुपारच्या उन्हात उजेड एक लाख लक्सच्या घरात असतो. संग्रहालयात तैलरंगाच्या चित्रावर तो १५० ते २०० लक्स ठेवतात आणि कागदावरच्या जलरंगांवर ५०च्या आसपास. इतक्या मोठ्या फरकाला डोळा सरावायला पाच-दहा मिनिटं लागतात. त्या वेळेत पाणी प्यावं, प्रस्तावनेचा फलक वाचावा. उन्हात काळा होणारा चष्मा असेल तर त्याची काच आत आल्यावरही काही मिनिटं गडद राहते. ती पूर्ण निवळल्याशिवाय पहिलं दालन बघूच नका. "सगळीच चित्रं मळकट वाटली" या तक्रारीमागे कधीकधी हा चष्मा असतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत मोतीबिंदूही. भिंग पिवळट झालं की निळा आणि जांभळा आधी मरतो. चित्रकार क्लोद मोने यांच्या डोळ्यांचं तेच झालं होतं, १९२३ साली शस्त्रक्रिया झाल्यावर त्यांना रंग पुन्हा वेगळे दिसू लागले. आजोबा "हा निळा कुठे आहे?" म्हणाले तर त्यांना समजावत बसू नका, चित्राबद्दल बोलता बोलता डोळ्याच्या डॉक्टरकडेही न्या.

पहिली फेरी न थांबता. पंधरा-वीस मिनिटांत सगळी दालनं चालून जायची, पाट्या वाचायच्या नाहीत, फोटो काढायचे नाहीत. कुठल्या चित्रानं मान वळवली एवढंच टिपायचं. चाळीस चित्रं असतील तर चार निवडा. चाळीसही बघीन असा हट्ट धरला तर विसाव्यानंतर सगळं एकच होतं, आणि हा दोष चित्रांचा नसतो. निवडलेल्या चारांपैकी एक तरी न आवडलेलं असू द्या.

मग एकेका चित्रासमोर तीन अंतरं.

पहिलं लांबचं: चित्राच्या मोठ्या बाजूच्या दुप्पट-तिप्पट. चार फुटांचं चित्र असेल तर आठ ते बारा फूट मागे. इथे डोळे अर्धे मिटायचे. रंग धूसर होतात आणि उजळ-गडद यांचा सांगाडा उरतो. वजन कुठे आहे, खाली की डावीकडे? चित्र कलतंय का? सगळ्यात उजळ जागा कुठे, आणि तिच्यालगत सगळ्यात गडद जागा आहे का? सर्वांत भडक रंग आणि सर्वांत उजळ रंग एकच आहे असं आपण गृहीत धरतो, पण भडक लाल चांगलाच गडद असतो. डोळे मिटल्यावर तो शेजारच्या निळ्यात मिसळून नाहीसा झाला, तर समजा की दोघांची उजळता चित्रकारानं सारखी ठेवली आहे. अशा ठिकाणी डोळे उघडल्यावर कड थरथरल्यासारखी दिसते. ती थरथर मुद्दाम आणलेली असते, आणि तीच जागा पुन्हा पुन्हा बोलावते.

दुसरं मधलं अंतर, तीन-चार फूट. इथे शेजार तपासायचा. एकच रंग चित्रात किती ठिकाणी आलाय ते मोजा. दोन ठिकाणचा पिवळा सारखा वाटतो का? वाटत नसेल तर प्रश्न विचारा, रंगच वेगळा लावलाय की शेजार वेगळा आहे? हे तपासायला मूठ पोकळ करून नळीसारखी डोळ्याला लावायची आणि फक्त तेवढा पिवळा बघायचा, मग दुसरा. नळीतून दोन्ही सारखे आणि उघड्या डोळ्यांनी वेगळे, तर तो शेजाराचा परिणाम. ही मुठीची नळी मला प्रदर्शनातली सगळ्यात उपयोगी वस्तू वाटते, आणि मुलं ती पाच मिनिटांत शिकतात.

तिसरं जवळचं, दीड फूट. अमेरिकी चित्रकार मार्क रॉथ्को यांनी आपल्या भल्यामोठ्या कॅनव्हासांसाठी सुमारे १८ इंचांचंच अंतर सुचवलं होतं, म्हणजे रंग नजरेच्या कडेबाहेर पसरतो आणि आपण त्याच्या आत उभे राहतो. आपल्याकडे दोरी किंवा पट्टी असेल तर तिच्या अलीकडूनच. हात मागे बांधावेत, कारण बोट दाखवायची सवय फार वाईट. बोटाचा घाम आणि तेल न वार्निश केलेल्या पृष्ठभागात शिरतं, त्यावर धूळ बसते आणि काही महिन्यांनी डाग उमटतो.

जवळून काय दिसतं? आधी कापड. कॅनव्हासची वीण रंगातून दिसते की बुजलीय? सोलापूरकरानं ही वीण नक्की बघावी, ओळखीचीच आहे, उभा धागा, आडवा धागा. वीण दिसत असेल तर रंग पातळ लावलाय किंवा कापडात मुरू दिलाय. मग थर. एका रंगाच्या कडेला खालचा दुसरा रंग डोकावतो का? लाल पट्ट्याच्या काठावर केसाएवढा हिरवा दिसला तर खाली आधी हिरवा होता, आणि त्यावर आलेल्या लालाला त्या हिरव्यानं धार आणली आहे. कड चाकूनं कापल्यासारखी सरळ असेल तर चिकटपट्टी लावून रंगवलेलं. पट्टी नीट दाबली नसेल तर खालून रंग झिरपून दातेरी कड येते. ब्रशचे केस, चाकूचा सपाट लेप, रोलरचा बारीक रवा, पातळ रंगाचे ओघळ, हे सगळे वेगवेगळे ठसे आहेत. ओघळ आडवे गेलेले दिसले तर रंगवताना कॅनव्हास फिरवलेला होता.

शेवटी एका बाजूला जाऊन तिरकं बघा, भिंतीला जवळजवळ गाल लावल्यासारखं, पण अंतर राखून. चमक कुठे आहे, कुठे नाही, ते तिरक्या उजेडातच कळतं. तैलरंगात तेल जास्त तिथे चमक, कॅनव्हासनं तेल शोषलं तिथे मंद. ॲक्रिलिकचा पृष्ठभाग बहुधा सारखा, थोडा प्लॅस्टिकसारखा दिसतो. ॲक्रिलिक पाणी उडून सुकतं, काही मिनिटांत, आणि सुकताना किंचित गडद होतं. तैलरंग हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन घट्ट होतो, वरून सुकला तरी जाड थर आतून महिनोन्‌महिने ओला असतो. आत ओला, तेलकट थर असताना वर कमी तेलाचा, लवकर सुकणारा थर दिला तर वरचा थर फाटतो. सुकलेल्या तळ्यासारख्या भेगा दिसल्या की हे कारण आधी मनात आणावं. म्हणून चित्रकार खालचे थर कमी तेलाचे आणि वरचे जास्त तेलाचे ठेवतात.

गायतोंडे यांचं चित्र या तीन अंतरांना सगळ्यात चांगलं उत्तर देतं, म्हणून त्यांच्यापाशी जरा थांबू. त्यांचा जन्म १९२४चा, नागपूरचा. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतून त्यांनी १९४८ साली पदविका घेतली. ब्रशऐवजी रोलर आणि पॅलेट नाइफ ही त्यांची मुख्य हत्यारं. रंगाचा पातळ थर रोलरनं फिरवायचा, तो वाळण्याआधी काही भाग चाकूनं खरवडायचा, कागदाच्या तुकड्यांनी रंग उचलायचा किंवा ठेवायचा, मग पुन्हा थर. लांबून एकच पिवळा किंवा एकच राखाडी वाटतो. मधल्या अंतरावर त्यात धुक्यासारखे पडदे मागेपुढे होऊ लागतात. दीड फुटावर कळतं की जे आकार पृष्ठभागावर ठेवलेले वाटत होते, त्यातले काही प्रत्यक्षात खालच्या थराला उघडं पाडून आलेले आहेत. म्हणजे रंग काढून घेतल्यानं आकार आलाय. वर्षाकाठी मोजकीच चित्रं त्यांच्या हातून पुरी होत. २०१३ साली मुंबईतल्या लिलावात त्यांचं एक शीर्षकरहित चित्र तेवीस कोटींहून जास्त किमतीला गेलं आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. लोकांच्या तोंडी लिलावाचा आकडाच राहिला. चित्रासमोर उभं असताना तो आकडा डोक्यातून काढून टाकणं गरजेचं आहे, कारण तो डोक्यात असला की आपण रंगाकडे न बघता किंमत शोधत राहतो.

पाटी आता वाचायची. तीत आधी नाव, मग वर्ष, मग माध्यम, मग माप. मापात पहिला आकडा बहुधा उंचीचा, दुसरा रुंदीचा. 'शीर्षकरहित' असेल तर खट्टू होऊ नका. चित्रकारानं आपल्याला नावाच्या दोरीनं ओढून न्यायचं टाळलंय एवढंच. 'मिश्र माध्यम' असेल तर जवळ जाऊन काय काय मिसळलंय ते शोधा: वाळू, कागद, सूत, कोळसा, राख. पाटी आधी वाचली की नुकसान होतं. 'पाऊस' असं नाव वाचलं की प्रत्येक उभी रेघ पाऊस होते आणि मग ती रेघ म्हणून दिसतच नाही. ढगात हत्ती शोधतो तसं चेहरे, पक्षी, डोंगर शोधत बसणं हीसुद्धा तीच अडचण. चेहरा दिसलाच तर दिसू दे, मिनिटभरानं त्याला सोडून बाजूच्या रंगाकडे जायचं.

फोटोबद्दल स्पष्ट सांगतो. फ्लॅश तर नाहीच. फ्लॅशशिवायही मोबाइल प्रत्येक फोटोत पांढऱ्याचा तोल आपणहून बदलतो, म्हणून मोठं पिवळं चित्र फोटोत निळसर भिंतीसह थंड होऊन येतं. जांभळे, गडद निळे आणि काही हिरवे तर पडद्यावर धड येतच नाहीत. फोटो काढायचाच तर शेवटी, आणि एक जास्तीचा उपयोग करून घ्या: तो फोटो काळा-पांढरा करून बघा. डोळे मिटून जो सांगाडा दिसला होता, तो बरोबर होता का हे तिथल्या तिथे ताडता येतं.

पक्क्या रंगाची गोष्ट सोलापुरात वेगळी सांगायला नको. चादर पहिल्यांदा धुताना बादलीतलं पाणी लाल होईल की काय, ही धाकधूक सगळ्यांना माहीत आहे. कापडाचा रंग पाण्यात जातो, चित्राचा उजेडात. रॉथ्को यांनी हार्वर्ड विद्यापीठासाठी केलेले पाच मोठे पॅनेल १९६४ साली एका भोजनकक्षात लावले गेले. खोलीला मोठ्या खिडक्या होत्या. गर्द किरमिजीसाठी त्यांनी वापरलेला लिथॉल रेड हा रंग उजेडाला अजिबात टिकणारा नव्हता. लाल उडाला, त्यात मिसळलेला निळा मागे राहिला, आणि १९७९पर्यंत ते पॅनेल उतरवून ठेवावे लागले. २०१४ साली तिथल्या संग्रहालयानं वेगळीच युक्ती केली. कॅनव्हासला हात न लावता प्रोजेक्टरमधून बिंदू-बिंदू मोजलेला रंगीत उजेड त्यावर टाकला, म्हणजे उडालेल्या लालाची भरपाई झाली. दिवा बंद केला की पुन्हा फिका पॅनेल. संग्रहालयातला उजेड इतका मंद का, म्हणून कुणी कुरकुरलं तर ही हकिकत सांगावी.

गावातल्या एखाद्या सभागृहात प्रदर्शन भरवणाऱ्यांसाठीही थोडं, कारण चित्रं चांगली असून मांडणीमुळे मरतात हे पाहवत नाही. छताला मधोमध नळ्यांची रांग आणि भिंतीवर काचेच्या फ्रेमा, असं असेल तर प्रत्येक चित्रात आधी ट्यूबलाइट दिसते, मग बघणाऱ्याचा स्वतःचा शर्ट. कॅनव्हासला काच लावूच नये. कागदावरच्या कामाला काच लागते, ती भिंत खिडकीसमोरची नको. दिवे भिंतीच्या रेषेत, चित्रावर वरून, उभ्या रेषेशी साधारण ३० अंशांत पडतील असे. कोन आणखी वाढला तर चमक बघणाऱ्याच्या डोळ्यात येते, कमी केला तर जाड रंगाच्या लांब सावल्या पडतात. दिवा घेताना वॅटच बघू नका, रंग दाखवण्याचा निर्देशांक (CRI) ९०च्या वर हवा, नाहीतर लाल मरतो. साडीच्या दुकानातला तोच प्रश्न. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर. सगळ्या चित्रांच्या वरच्या कडा एका रेषेत लावायचा मोह होतो, पण मध्य एका रेषेत असले की नजर सरळ चालते. दोन भडक चित्रांमध्ये निदान लहान चित्राच्या रुंदीएवढी रिकामी भिंत सोडा. मागे चुण्यांचा रंगीत मांडवाचा कपडा नको. चुण्यांच्या उभ्या रेघा चित्रात शिरतात, आणि कपड्याचा रंग त्या राखाडी तुकड्यासारखा सगळ्या चित्रांवर झाक चढवतो.

आणि एप्रिल-मेमध्ये चित्रं हलवणार असाल तर ॲक्रिलिकची विशेष काळजी. सोलापूरच्या उन्हात बंद टेम्पोत ॲक्रिलिकचा थर मऊ पडून चिकट होतो. दोन कॅनव्हास तोंडाला तोंड लावून ठेवले असतील तर ते एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना एकाचा रंग दुसऱ्यावर येतो. बबल रॅप थेट रंगावर गुंडाळला तर त्याच्या गोल फुग्यांचे ठसे कायमचे उमटतात. चित्राच्या चार कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे जाड कोपरे लावा, म्हणजे पृष्ठभागाला काही टेकणारच नाही. प्रवास पहाटे करा, आणि पोचल्यावर गुंडाळी लगेच सोडून चित्रं सावलीत उभी ठेवा.

मुलांना घेऊन जाणार असाल तर वेळ पाऊण तासाच्या आत. त्यांना सोलापुरी चादरीचा तळहाताएवढा तुकडा खिशात द्या आणि सांगा, या तुकड्यातला लाल कुठल्या चित्रात आहे ते शोधायचं, पण तुकडा चित्राजवळ न्यायचा नाही, लांबूनच धरायचा. पहिल्या दहा मिनिटांत ती पाच ठिकाणी "हाच!" म्हणतात. मग मुठीची नळी शिकवा आणि पुन्हा पाठवा. पाचांतले तीन बाद होतात. उरलेल्या दोघांसमोर उभं राहून "हा आपल्या लालापेक्षा जरा पिवळ्याकडे आहे" असं दहा वर्षांचं पोर म्हणायला लागतं, आणि मागे उभी आजी तोवर पदर बाजूला सारून, डोळे बारीक करून, मान तिरकी करून त्याच्याशी वाद घालायला तयार झालेली असते.